ड्यूक शार्ल आणि मधलं शेत

दुसरा आदिलखान फारुकी खानदेशावर राज्य करत होता (१४५७ ते १५०१), त्याच काळात तिकडे युरोपात बर्गंडीचा ड्यूक शार्ल गाजत होता. त्याची कारकीर्द जेमतेम दहा वर्षांची, १४६७ ते १४७७. फ्रान्सचा राजा अकरावा लुई त्याला वचकून असायचा, तरी शार्ल राजा नव्हता, ड्यूक म्हणजे राजाच्या खालचा मोठा सरदार होता. आपल्याकडे फारुकींचंही तसंच: त्यांची पदवी ‘खान’, तिच्यावरूनच खानदेश नाव पडलं असं मानतात. मोठ्या सुलतानांच्या मधे सापडलेल्या मुलखाचं दुखणं आपल्याला नव्याने सांगायला नको.

शार्लची जमीन दोन तुकड्यांत होती. दक्षिणेला, आजच्या फ्रान्समध्ये, दिजों शहराभोवतीची बर्गंडी; उत्तरेला, आजच्या बेल्जियम-नेदरलँड्सकडे, फ्लँडर्स, ब्राबांत, हॉलंड हे पैसेवाले प्रांत. मधे लोरेन, आणि ते दुसऱ्याचं. एकाच मालकाची वावरं दोन शिवारांत असली आणि गाडीवाट परक्याच्या शेतातून जात असली की काय होतं, ते आपल्याला पाठ आहे. सलग राज्य आणि त्यावर मुकुट, एवढंच त्याला हवं होतं. १४७३ मध्ये जर्मनीतल्या ट्रीअरला पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट तिसरा फ्रेडरिक याच्याशी बोलणी झाली: शार्लची एकुलती एक मुलगी मेरी सम्राटाच्या मुलाला, मॅक्सिमिलियनला द्यायची आणि बदल्यात मुकुट घ्यायचा. राज्याभिषेकाची तयारीही झाली. एवढ्यात सम्राट मोझेल नदीतून होडीने निघून गेला.

माणूस कामाला मात्र वाघ. त्याच वर्षीचे त्याचे लष्करी नियम बघा. एका ‘लान्स’मध्ये, म्हणजे सगळ्यात लहान तुकडीत, नऊ जण: चिलखतातला स्वार, त्याचा हत्यारबंद जोडीदार, एक पोऱ्या, तीन घोडेस्वार तिरंदाज, आणि पायी तिघे, म्हणजे क्रॉसबोवाला, हातबंदूकवाला, भालाईत. अशा शंभर लान्सची एक कंपनी. कवायतसुद्धा लिहून दिलेली. तिरंदाजांनी खाली उतरायचं, तिघांचे लगाम पोऱ्याच्या खोगिराला अडकवायचे. भालाइतांनी पुढे गुडघे टेकून भाले तिरपे धरायचे आणि तिरंदाजांनी त्यांच्या डोक्यावरून बाण सोडायचे.

कागदावर यात खोट काढता येत नाही. अडचण अशी की हे सगळं जागेवर उभं राहून करायचं होतं.

२ मार्च १४७६ ला आजच्या स्वित्झर्लंडमधल्या ग्रान्सोंजवळ, स्विसांशी लढताना ते उघडं पडलं. त्याआधी शार्लने तिथल्या किल्ल्यातल्या शरण आलेल्या ४१२ स्विस शिपायांना फाशी दिलं किंवा बुडवलं होतं, त्यामुळे समोरचे सूडाला पेटलेले. त्यांचे भाले पाच मीटरच्या आसपास लांब, माणसं दाट चौकोनात. तोफांना मारा करायला जागा मिळावी म्हणून शार्लने पुढच्या तुकड्या मागे घेतल्या. तेवढ्यात रानातून स्विसांचा दुसरा जमाव उतरला. मागच्यांना वाटलं, पुढचे पळाले! सगळं सैन्य फुटलं. माणसं थोडीच मेली, पण तोफा, तंबू, जडजवाहीर सगळं तिथेच राहिलं.

२२ जूनला तिकडच्याच मुर्टनला वेगळी चूक. आदल्या दिवशी फौज तासन्‌तास मोर्चात उभी केली होती, हल्ला आलाच नाही. म्हणून त्या दिवशी बहुतेकांना छावणीत सोडलं, कुंपणाच्या मोर्चावर थोडेच ठेवले, आणि नेमके तेव्हाच स्विस आले. इथे मात्र हजारो मेले.

तरीही तो थांबला नाही. १४७५ मध्ये त्याने घेतलेली लोरेनची राजधानी नान्सी तिथला ड्यूक रेने याने परत मिळवली होती. भर हिवाळ्यात शार्ल तिला वेढा घालून बसला. कांपोबासो हा त्याचा इटालियन सरदार आपल्या लोकांसह फितूर झाला. ५ जानेवारी १४७७ ला बर्फ पडत असताना स्विस रानातून वळसा घालून बगलेवर आले. शार्लच्या तोफांची तोंडं मात्र रस्त्याकडे. दोन दिवसांनी शार्लचं प्रेत बर्फात गोठलेलं सापडलं. कवटी फुटलेली, चेहरा जनावरांनी खाल्लेला. ओळख पटली ती पडलेले दात, लांब नखं आणि जुन्या जखमांच्या खुणांवरून.

दिजोंकडचा भाग लुईने लगेच ताब्यात घेतला. उत्तरेचे प्रांत मेरीबरोबर मॅक्सिमिलियनच्या घरी गेले, त्यांचं लग्न त्याच वर्षी ऑगस्टमध्ये झालं. मधलं शेत रेनेकडेच राहिलं.