हौसेचं मोल, तारखेनुसार

डिस्नीलँड कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनाहाइमला आहे. तिथून वीस मिनिटांवर घर असलं की माणूस आपोआप त्याचा जाणकार ठरतो. अमेरिका पाहायला निघालेल्या प्रत्येक ओळखीच्याचा फोन येतो, आणि व्हिसा, बॅगांचं वजन वगैरे आटोपलं की गाडी तिथेच येते. "तिकीट एवढं कसं गं वाढलं? आणि तुमच्याकडे तो वर्षाचा पास होता ना, तो का सोडलात?"

इतकी वर्षं मी दोन वाक्यांत सुटका करून घ्यायचे. लुटतात मेले, आणि आमची लेक मोठी झाली. दोन्ही उत्तरं अर्धी खरी. तुम्ही विचारलंत म्हणून आज जरा बैठक मारून सांगते.

१७ जुलै १९५५ ला डिस्नीलँड उघडलं तेव्हा मोठ्यांना फाटकातून आत जायला एक डॉलर लागायचा. महागाईच्या हिशेबाने तो आजचा साधारण १२ डॉलर होतो. आज एका दिवसाचं, एकाच पार्कचं तिकीट १०४ ते २२४ डॉलर आहे. खरी गंमत त्या "ते"मध्ये आहे. २०१६ च्या फेब्रुवारीपर्यंत कुठल्याही दिवशी जा, दर एकच होता, ९९ डॉलर. मग तीन दर झाले: ९५, १०५ आणि ११९. आता सात आहेत. तळाचा १०४ चा दर २०१९ पासून जागचा हललेला नाही, त्यामुळे "आमचं तिकीट तेवढंच आहे" असं कंपनीला म्हणता येतं, आणि ते खोटंही नसतं. फक्त त्या दराचे दिवस कॅलेंडरवर शोधावे लागतात, आणि ते नेमके शाळा चालू असतानाचे निघतात. वरचा दर मात्र दर ऑक्टोबरला चढतो. २०२२ मध्ये १७९, पुढच्या वर्षी १९४, मग २०६, आणि २०२५ मध्ये २२४.

हौसेला मोल नाही असं आपण म्हणतो. इथे आहे, आणि ते तारखेनुसार छापलेलं आहे.

यामागचं गणित काही गुपित नाही. पार्क भिंती ढकलून मोठा करता येत नाही. पायरेट्स या राइडची होडी तासाला जेवढी माणसं नेते तेवढीच नेणार. मंगळवारी पार्क अर्धा रिकामा राहिला तरी दिवे, पंप आणि पगार चालूच, आणि नाताळच्या आठवड्यात दुप्पट माणसं आली तर त्यांना उभं करायला जागा नाही. म्हणून दर वरखाली करून माणसं इकडची तिकडे सरकवायची. विमानवाले हे कित्येक वर्षं करत आलेत. विमानात मात्र आपण हौसेने जात नाही, त्यामुळे तिथे तेवढं लागत नाही.

दर वाढवले की माणसं मुकाट देतातच असंही नाही. सिक्स फ्लॅग्ज या दुसऱ्या पार्कांच्या कंपनीने २०२२ मध्ये सवलती कापल्या, दर चढवले. त्यांच्या प्रमुखांनी तर आपली पार्कं म्हणजे पोरांची स्वस्तातली पाळणाघरं झाली होती, अशा अर्थाचं बोलून दाखवलं. त्या वर्षी येणाऱ्यांची संख्या २ कोटी ७७ लाखांवरून २ कोटी ५ लाखांवर आली. डिस्नीलँडच्या बाबतीत तसं घडत नाही, कारण पाळण्याला दुसरा पाळणा मिळतो, पण आयुष्यात एकदा बघायच्या गोष्टीला पर्याय नसतो. (नुसते पाळणेच हवे असतील तर जवळच नॉट्स बेरी फार्म आहे. तिथला अख्ख्या वर्षाचा पास डिस्नीलँडच्या एका नाताळी दिवसापेक्षा स्वस्त पडतो. हे मी प्रत्येकाला सांगते. आजवर एकानेही ऐकलेलं नाही.)

मला मात्र या सगळ्यात सगळ्यात मजेची वाटते ती कुपनांची गोष्ट. त्या पहिल्या एका डॉलरात राइड नव्हत्या. राइडचे पैसे वेगळे. १९५५ च्याच ऑक्टोबरात कुपनांची पुस्तकं निघाली. ए म्हणजे अगदी साधी, मेन स्ट्रीटवरच्या घोडागाडीसारखी. बी, सी, डी अशा पायऱ्या चढत १९५९ मध्ये मॅटरहॉर्न नावाच्या डोंगरावरची घसरगाडी आणि पाणबुडी आली, तेव्हा त्यांच्यासाठी ई निघालं. ई म्हणजे सर्वांत भारी. १९८३ मध्ये अंतराळात गेलेल्या पहिल्या अमेरिकी स्त्रीने, सॅली राइडने, आपल्या उड्डाणाला ई तिकिटाचीच उपमा दिली होती. त्या पद्धतीत एक शहाणपण होतं. आजीला नुसतं झाडाखाली बसायचं असेल तर तिने फाटकाचे पैसे द्यायचे आणि बसायचं. मॅटरहॉर्नवर चार वेळा जायचं असेल त्याने चार कुपनं फाडायची.

१९८२ मध्ये पुस्तकं बंद झाली. एकदा पैसे भरा आणि दिवसभर काय हवं त्यात बसा. ऐकायला किती छान! पण राइड "फुकट" झाल्याबरोबर जो तो ई वर धावला आणि रांगा लांबल्या. रांगा लांबल्या म्हणून १९९९ मध्ये फास्टपास आला, एक कागदी चिठ्ठी: अमुक वेळेला या आणि रांग चुकवून मधल्या वाटेने आत जा. तोही फुकट. महामारीनंतर फास्टपास परतलाच नाही. २०२१ च्या अखेरीस त्याच्या जागी विकतची सोय आली, तिचं आजचं नाव लाइटनिंग लेन. एकदोन सर्वांत मागणीच्या राइडचे त्यातही वेगळे पैसे. २०२४ मध्ये प्रीमियर पास निघाला. त्यात एकेका राइडला एकदा, वाटेल त्या वेळी मधल्या वाटेने जाता येतं, आणि सुरुवातीला त्याचा दर होता माणशी ४०० डॉलर, तिकीट सोडून. नाकापेक्षा मोती जड तो हा.

म्हणजे फिरून आपण ई कुपनापाशीच आलो. फरक एवढाच की झाडाखाली बसणाऱ्या आजीलाही आता पुस्तकाची पूर्ण किंमत पडते.

आता पास. लेक पाच वर्षांची असताना आम्ही तो पहिल्यांदा घेतला. कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांना त्याचे पैसे महिन्याच्या हप्त्याने भरता येतात. गाडी, घर आणि मिकी माऊस असे तीन हप्ते आमच्या खात्यातून जायचे. नवऱ्याने पहिल्याच आठवड्यात कितव्या खेपेला पास वसूल होतो ते मांडून फ्रिजवर लावलं. सहाव्या खेपेनंतर तो कागद कुठे गेला कुणास ठाऊक, कारण तोवर आम्ही वसूल करायचं विसरून गेलो होतो.

पासाने खरं काय दिलं ते सांगते. उन्हाळ्यातला एखादा मंगळवार, जेवणं उरकलेली, भांडी तशीच ओट्यावर. लेक म्हणायची, जाऊया? आणि आम्ही जायचो. एखादी राइड, नाहीतर तीही नाही. पार्कातल्याच न्यू ऑर्लिन्स स्क्वेअर या भागात आगगाडीचं छोटं स्टेशन आहे, तिथल्या बाकावर बसायचो. स्टेशनसमोरच्या जुन्या खोपट्यातून सारखी टकटक ऐकू येते. "आई, आत कोण टाइप करतंय?" एके दिवशी तिने विचारलं. तिथल्या कर्मचाऱ्याने गुडघ्यावर बसून तिला सांगितलं की ही तार आहे, आणि वॉल्ट डिस्नीने उद्घाटनाच्या दिवशी केलेल्या भाषणाच्या पहिल्या ओळी ती तारेच्या भाषेत पुन्हा पुन्हा पाठवत असते. त्यानंतर आम्ही दोन गाड्या सोडून दिल्या आणि नुसतं ऐकत बसलो. आतषबाजी बघून घरी आलो तेव्हा ती गाडीतच झोपली होती.

एका दिवसाचं तिकीट काढलेला माणूस त्या बाकावर बसत नाही. त्याला परवडतच नाही.

पण याची दुसरी बाजूही सांगायला हवी. "काय मेली गर्दी!" म्हणून ज्या गर्दीला आम्ही शिव्या द्यायचो ती आम्हीच होतो. आमच्यासारखी हजारो कुटुंबं संध्याकाळी टपकायची, घरून खाऊन यायची, बाहुल्या विकत न घेता पाणी पिऊन परत जायची. धंद्याच्या नजरेने आम्ही भाडं न देता ओसरीवर बसणारे शेजारी. २०२१ च्या जानेवारीत, पार्क महामारीमुळे बंद असताना, वार्षिक पासाची योजनाच रद्द झाली. ऑगस्टमध्ये मॅजिक की या नावाने ती परत आली, ३९९ ते १,३९९ डॉलरला, आणि सोबत अट आली की यायचं तर आधी दिवस राखून ठेवायचा. २०२२ मध्ये कंपनीच्या तिमाही हिशेबात डिस्नीलँडला येणाऱ्यांचं "मिश्रण प्रतिकूल" असल्याची नोंद आली. ते प्रतिकूल म्हणजे कोण, हे पासवाल्यांना बरोबर कळलं. काहींनी तो शब्द टी-शर्टवर छापून घेतला.

तेव्हाच्या सर्वांत महाग कीवरून खटलाही झाला. तिच्यावर कुठलाच दिवस बंद नाही असं सांगितलं होतं, आणि प्रत्यक्षात राखीव जागा संपलेल्या असायच्या, अशी तक्रार होती. ९५ लाख डॉलरवर तडजोड झाली. वाटणीला माणशी सुमारे ६७ डॉलर आले. फ्लोरिडातल्या आणि टोकियोतल्या डिस्नी पार्कांचीही गोष्ट थोड्याफार फरकाने हीच आहे, टोकियोत तर २०२० मध्ये बंद झालेला वार्षिक पास परत आलेलाच नाही. पुढे २०२३ मध्ये डिस्नी कंपनीचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांनीही दरांच्या बाबतीत आपण जरा जास्तच जोर लावला असावा असं कबूल केलं. कबुलीने दर उतरले, असा मात्र गैरसमज नको.

आम्ही नवी की एक वर्ष घेतली. पैसे जड गेले हे खरं, पण सोडण्याचं कारण तेवढंच नव्हतं. आधी राखून ठेवलेला मंगळवार हा मंगळवार राहत नाही, तो कार्यक्रम होतो. कार्यक्रम म्हटला की वेळेवर निघायचं, काय काय करायचं ते ठरवायचं, आणि लेकीचा गृहपाठ राहिला असेल तर भांडायचं. वर्ष संपलं आणि नूतनीकरणाची आठवण आम्हा तिघांपैकी कुणीच कुणाला केली नाही. आज सर्वांत वरची की १,८९९ डॉलरला आहे. तुम्ही अ‍ॅनाहाइमच्या आसपास राहत असाल, वर्षाला दहा-बारा वेळा जाणार असाल आणि दोन्ही पार्कं (डिस्नीलँड आणि शेजारचं कॅलिफोर्निया अ‍ॅडव्हेंचर) हवी असतील तर अजूनही ती तोट्याची नाही. पाहुणे म्हणून एकदाच येणार असाल तर तिच्याकडे बघूही नका. जानेवारीच्या मध्यातला किंवा सप्टेंबरातला मधला वार धरा, पहाटे उठा, आणि दुपारी तीनपर्यंत मोठ्या राइड उरका.

हाच सल्ला मी गेल्या वर्षी काकांनाही दिला होता. पण त्यांची सुट्टी म्हणजे नातवाची सुट्टी, आणि नातवाची म्हणजे नाताळ. ऐन वेळी नातू मित्रांबरोबर दुसरीकडे गेला आणि काका, काकू आणि मी अशी वरात निघाली. २२४ डॉलर माणशी. काकूंनी मनातल्या मनात गुणाकार केला, वीस हजारांपाशी थांबल्या आणि पर्स छातीशी धरली ती दिवसभर सोडली नाही. पार्क सोळा तास उघडा होता, म्हणजे माणशी तासाला १४ डॉलर. हा भागाकार मी पार्किंगमध्येच केला होता आणि नंतर डोक्यातून जाईना. पॉपकॉर्नच्या रांगेत पाच डॉलर. स्वच्छतागृहाच्या रांगेत साडेतीन.

दुपारी चारला मोठ्या राइडच्या पाटीवर १२० मिनिटं दिसत होती. मी त्या दोघांना हाकतच नेत होते. "चला काका, आत्ता तिकडे गर्दी कमी असेल." न्यू ऑर्लिन्स स्क्वेअरपाशी मागे वळून पाहिलं तर काका नाहीत. स्टेशनवर उभे होते, मान तिरकी करून.

काकांची सगळी नोकरी तारखात्यात गेली. २०१३ मध्ये आपल्याकडची तारसेवा बंद झाली त्या दिवशी ते जेवले नव्हते, असं काकू सांगतात.

"काका, ते भाषण आहे," मी म्हटलं. "उद्घाटनाचं. जुन्या अमेरिकी कोडमध्ये आहे."

त्यांनी हातानेच मला गप्प केलं. तर्जनी बाकाच्या लाकडावर टेकली आणि टकटकीच्या मागे मागे हलायला लागली. मध्येच थांबायची, पुन्हा लागायची. गाडी आली, माणसं उतरली, चढली, गाडी गेली. काकूंनी पर्स मांडीवर ठेवली.

"कोड आपला नाही," बऱ्याच वेळाने काका म्हणाले. "काही अक्षरं लागतात, काही नाही लागत. पण हात चांगला आहे हं. सफाई आहे. कोण होता गं हा?"

मला माहीत नव्हतं. दुसरी गाडी येताना दिसली. अर्धा तास झाला होता, म्हणजे माणशी सात डॉलर. मी त्यांच्या शेजारी बसले.

"पहिल्यापासून येऊ दे," काका म्हणाले.