आमची वाटचाल : जुन्या ठिबकचा धंदा

जळगावच्या एमआयडीसीत भाड्याचं शेड, एक ग्राइंडर, धुण्याची टाकी आणि जुना एक्सट्रूडर (प्लास्टिक वितळवून साच्यातून दाबून काढणारं यंत्र), एवढ्यावर आम्ही दोघा भावांनी जुन्या प्लास्टिकचा दाणा पाडायला सुरुवात केली. माल म्हणजे केळीच्या शेतातल्या बाद ठिबक नळ्या. चोपडा, यावल, रावेरकडे बांधावर त्यांचे भारे पडलेले असायचे. शेतकरी ते पेटवून द्यायचा, कारण भंगारवाला मातीच्या नावाखाली वजनात वाट्टेल तेवढी घट धरायचा. आम्ही नळ्या त्याच्यासमोर झटकून तोलू लागलो, तेव्हा माल यायला लागला.

माती मात्र खरीच असते. नळीत गाळ आणि खतांचे क्षार बसलेले. तुकडे टाकीत टाकले की नळीचं पॉलिथिन तरंगतं. माती आणि चुकून आलेलं पीव्हीसी बुडतं. धुण्यात कसर राहिली की एक्सट्रूडरची जाळी तुंबते. पहिलं वर्ष जाळ्या बदलण्यातच गेलं.

2018 ला राज्यात प्लास्टिकबंदी आली, तेव्हा पाहुणे विचारायचे, "आता शटर पाडणार का?" आम्ही दाण्यापासून पाइप काढायचो, त्याचा बंदीशी संबंधच नव्हता. फेब्रुवारी 2022 मध्ये केंद्राचे ईपीआरचे, म्हणजे उत्पादकाच्या वाढीव जबाबदारीचे, नियम आले. प्लास्टिक वेष्टन बाजारात आणणाऱ्या कंपनीने ठरलेलं प्लास्टिक परत फिरवायचं, त्यासाठी नोंदणीकृत रिसायकलरकडून प्रमाणपत्रं घ्यायची. आम्ही खुशीत सीएकडे गेलो. तो म्हणाला, "ठिबकची नळी वेष्टन आहे का?" संपला विषय. बिस्किटाच्या पुड्याला प्रमाणपत्र, अन् खान्देशाच्या बांधावर जे खरंच साचतं त्याला काही नाही!

मग दुधाच्या पिशव्या घेऊ लागलो, त्या वेष्टनात मोडतात आणि त्याही पॉलिथिनच्याच. पण धुऊन वेगळी ठेवलेली पिशवी घरातून मिळवणं नळीपेक्षा अवघड निघालं.

गिऱ्हाइकाचं वेगळंच. पाइप हातात घेतला की आधी वास घेणार, मग विचारणार, "भाऊ, हाऊ जुना मालना शे ना?" पूर्वी आमचा माणूस मान हलवून वेळ मारून न्यायचा. आता गुंडाळीवर लिहूनच टाकतो : जुन्या ठिबकपासून. मोटारीच्या दाबाला हा पाइप नको, हेही सांगतो. त्यामुळे काही दुकानांनी माल घेणं सोडलं.

मागच्या महिन्यात अमळनेरकडचा एक शेतकरी ट्रॅक्टरभर नळ्या घालून गेला. पैसे मोजून घेतले आणि नवीन ठिबक घ्यायला दुसरीकडे निघाला. म्हटलं, "आमचा पाइपही बघा की, दादा." तो हसला. "वायर टाकाले लई जासू." वायर घालायला नेईन म्हणे, पाण्याला नाही.