उरलेला खण आणि माझी जिलबी-नथ

दिवाळीला ब्लाउज शिवून उरलेला खणाचा तुकडा, जेमतेम वीतभर, टाकवेना म्हणून ठेवला होता आणि तिथूनच हे सगळं खूळ सुरू झालं. पुठ्ठ्याचे रुपयाच्या नाण्याएवढे गोल कापले, वर खण चिकटवला, कडेने मोती लावले, झाले कानातले! खण तसा कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा, पण चोळीमुळे आपल्याला घरचाच वाटतो. फक्त कापला की दोरे सुटतात, म्हणून आधी मागून फ्युजिंग (गरम केलं की चिकटणारं अस्तर) इस्त्रीने चिकटवून घ्यायचं, हे मला तीन तुकडे वाया घालवल्यावर कळलं.

मग काय, हाव सुटली. पुण्यात बोहरी आळीत जाऊन मणी, हुक, २४ गेजची तार (साधारण अर्धा मिलिमीटर जाड) घेऊन आले आणि नथ करायला बसले. तार चुकीची वाकली की नीट सरळ होत नाही हो, आणि सारखी मागेपुढे केली तर तुटतेच. पहिली नथ बघून आई म्हणाली, "जिलबी केलीस का?"

शिवणाची वेगळीच तऱ्हा. आजीचं पायमशीन काढलं तर खालून दोऱ्याचा नुसता गुंता, मी दिवसभर बॉबिनला (खालच्या दोऱ्याच्या रिळाला) शिव्या घालतेय आणि चूक वरच्या दोऱ्याची, तो टेन्शनच्या, म्हणजे दोरा ताणून धरणाऱ्या, चकत्यांमध्ये बसलाच नव्हता. कापड दाबणारा फूट वर करून दोरा परत ओवला आणि सरळ टीप आली, एवढा आनंद पगारवाढीलाही झाला नव्हता. आता बटवा शिवतेय, नाडी ओवताना सेफ्टी पिन आतच उघडलीये बहुतेक.