माउंट हेगनमधले पहिले तीन महिने

पापुआ न्यू गिनीची राजधानी पोर्ट मोर्सबी, पण तिथून डोंगराळ भागात यायला रस्ताच नाही. तिथून इथे, माउंट हेगन या शहरात, विमानानेच यावं लागतं. मिशनचा पायलट म्हणून बायको-मुलांसह मी इथे आलो त्याला तीन महिने झाले. मागून येणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून लिहून ठेवतोय.

स्वेटर आणा. विषुववृत्ताजवळचा देश म्हणून आम्ही नुसते सुती कपडे भरले होते. हेगन सुमारे 1600 मीटर उंचीवर आहे, रात्री चांगलीच थंडी पडते. सखल भागात जाणार असाल तर मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना आधीच विचारा. आपले प्लग चालत नाहीत, ऑस्ट्रेलियन पद्धतीचे लागतात. बाजारात मात्र परकं वाटणार नाही. भाजी वाट्यावर विकतात आणि सुपारी-चुना खाणारे जागोजागी दिसतात. रताळं, म्हणजे इथलं काउकाउ, हे रोजचं जेवण.

कामाला पहाटेच लागावं लागतं, कारण दुपारकडे ढग चढतात आणि खिंडी बंद होतात. विमान चालवता येतं म्हणून कुठेही उतरायची परवानगी मिळत नाही. शेजारी अनुभवी कॅप्टन घेऊन एकेक धावपट्टी शिकावी लागते. गावातल्या पट्ट्या बहुतेक गवताच्या, काही चांगल्याच उताराच्या. तिथे चढाकडे उतरायचं आणि उताराकडे उडायचं. ठरावीक टप्प्यापुढे आलात की उतरावंच लागतं, वळायला जागा नसते.

माणसं, सामान सगळं काट्यावर चढतं. एका आजींनी बिलुम, म्हणजे कपाळावरून पाठीवर सोडलेली विणलेली पिशवी, काही केल्या उतरवली नाही. मला वाटलं, काउकाउ असेल. वाकून पाहिलं तर आत नातू गाढ झोपलेला. दोघांचं मिळून वजन लिहिलं.

माझी एक चूक सांगतो. दुसऱ्याच महिन्यात एका गावात मी "टुमोरा", म्हणजे उद्या येतो, असं सांगून निघालो. दोन दिवस ढग हलले नाहीत. तिसऱ्या दिवशी उतरलो तर एका आजारी बाईला झोळीतून घेऊन आलेली माणसं पट्टीच्या कडेलाच मुक्काम करून होती. माझ्या एका शब्दावर त्यांनी दोन रात्री तिथे काढल्या. बाईला दवाखान्यात पोचवलं, पण ते अजून मनाला लागून आहे.

म्हणून टोक पिसिन या इथल्या भाषेचा वर्ग आल्या आठवड्यातच लावा. इथे आठशेच्या वर भाषा आहेत, पण या एका भाषेवर बहुतेक ठिकाणी निभतं. "सापोस", म्हणजे जर, हा शब्द पहिल्याच दिवशी पाठ करा. वेळ सांगायच्या आधी तो म्हणा, आणि समोरच्याला काय कळलं ते त्याच्याच तोंडून ऐकून मगच विमानाचं दार लावा.