नोलेन गुडाचा संदेश, घरच्या घरी

कोलकात्यात थंडी पडली की नोलेन गूड येतो, म्हणजे खजुरीच्या रसाचा नवा गूळ, आणि मग मला घरी संदेश, म्हणजे छेन्याची बंगाली मिठाई, केल्याशिवाय चैनच पडत नाही. दूध गाईचंच घ्या, म्हशीच्या दुधाचा छेना (दूध फाडून गाळलेला चोथा) जरा चिवट होतो. १ लिटर दूध उकळलं की गॅस बंद करून जरा थांबायचं, मग लिंबाच्या रसात पाणी मिसळून थोडं थोडं ओतायचं, हिरवट पाणी सुटलं की बास. फडक्यात गाळून गार पाण्याने धुवा, नाहीतर आंबटपणा राहतो.

आता खरं काम मळण्याचं! ताटात तळहाताने रगडत रगडत मळायचं, एकही कणी लागता कामा नये, हाताला तुपकट लागायला लागलं की झालं. मग किसलेला गूळ घालून अगदी मंद आचेवर परतायचं, गोळा कढई सोडायला लागला की उतरवा. हा नरमपाक, अजून आटवला की कडापाक, तो टिकतो जास्त पण मला नरमच आवडतो. वेलची वगैरे अजिबात घालू नका प्लीज, त्या गुळाचा धुरकट वास हेच तर सगळं आहे. कोमट असतानाच साच्यात दाबा, गार झाल्यावर नक्षी नीट उठत नाही.