धूर

रविवार, रात्र

कॅन्ससमधल्या निकोडेमस गावाहून परतून दोन तास झाले. कपडेही बदललेले नाहीत. विलियाना हिकमनचं रडणं काही डोक्यातून जात नाही.

तिथे बघायला असं किती? टाउनशिप हॉल, दोन जुनी चर्चं, शाळा, एक हॉटेल. बाकी कॅन्ससचा माळ आणि वारा. गुलामीतून सुटलेली काळी माणसं १८७७ मध्ये केंटकीहून इथे आली, स्वतःचं गाव वसवायला. घरं बांधायला लाकूडच नव्हतं, म्हणून जमीन खोदून आत राहिली. पहिल्या हिवाळ्यात ओसेज आदिवासींनी आपल्यातलं अन्न दिलं, म्हणून निभावलं.

विलियाना पुढच्या वसंतात आली. एलिसपर्यंत रेल्वे. तिथे मुलांमध्ये गोवर पसरला, काही दगावली. (हे वाचताना नीलूचा हात घट्ट धरला होता मी.) मग दोन दिवस माळावरून प्रवास. लोक ओरडले, आलं निकोडेमस! हिला गाव दिसेचना. नवऱ्याने बोट दाखवलं. जमिनीतून धूर निघत होता, तेच गाव. आणि ती रडू लागली.

मी अमेरिकेत आले तेव्हा मला तर बांधलेलं घर मिळालं होतं. नळाला गरम पाणी. तरी बाथरूमचा पंखा लावून रडले, ह्याला ऐकू जाऊ नये म्हणून. आईला फोनवर म्हटलं, छान आहे. नऊ वर्षं तेच म्हणतेय. कुणी दुसऱ्यांदा विचारलंही नाही. बाबा असते तर... असो.

विलियानाने मात्र पुढे सांगितलं सगळ्यांना, की मी रडले. लाज नाही, सारवासारव नाही. तिच्या रडण्याने गाव थांबलं नाही. १८८८ मध्ये रेल्वे नदीपलीकडून गेली, दुकानं तिकडे उठून गेली, तरी काही घरं राहिलीच. अजूनही जुलैअखेर त्यांची नातवंडं-पतवंडं जमतात.

आईला आता सांगितलं तर ती आज रडेल. नको. इथेच लिहिते.

ऑगस्ट. दुसरा मजला. कार्पेटला ओला वास, खिडकीतून फक्त पार्किंग. मी रडले. मग बॅगेतून कुकर काढला आणि वरण-भात लावला.