फी फीची स्पीडबोट: पुढे कोण, मागे कोण

थायलंडमधल्या फुकेतहून फी फी बेटांकडे जाणाऱ्या स्पीडबोटीत पुढे बसायला मिळावं म्हणून लोक धक्क्यावर चक्क धावतात. पुढे म्हणजे छपराबाहेर, अगदी टोकाला, मऊ गाद्यांवर. वारा, ऊन, अंगावर उडणारं पाणी आणि मागे निळा समुद्र. फोटो तिथलेच छान येतात, हे मान्य. पण मी फिजिओथेरपिस्ट आहे. त्या गाद्यांवर मांडी घालून बसलेली माणसं मला दिसतच नाहीत, त्यांचे मणके दिसतात.

बोट वेगात असली की लाटेच्या माथ्यावरून सुटते, क्षणभर अधांतरी असते आणि मग पाण्यावर आपटते. सगळ्यात जास्त उचललं जातं ते पुढचं टोक, त्यामुळे आपटतंही तेच. पाण्यावर आपटणं म्हणजे मऊ काहीतरी, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा अनुभव घ्यावा. बूड टेकून, पाय पसरून बसलेल्या माणसाचा तो दणका सरळ कंबरेत जातो. छातीचा कणा संपून कंबरेचा जिथे सुरू होतो, तिथला मणका दबून फ्रॅक्चर होणं ही स्पीडबोटीची ओळखीची दुखापत आहे. हाडं ठिसूळ झालेल्या बायकांना तर धोका आणखी जास्त. म्हणून आमची वाटणी मी हॉटेलवरच करून टाकली होती. नववीतली लेक हवं तर पुढे, नवरा तिच्यावर लक्ष ठेवायला मध्ये आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई, माझ्याबरोबर सगळ्यात मागे, इंजिनांजवळ.

"मी काय पोतं आहे का मागे टाकायला?" आई म्हणाल्या. वय एकाहत्तर, उजवा गुडघा बदललेला, आवाज मात्र मूळचाच.

सकाळी मिनीबस हॉटेलवरून उचलते आणि पूर्व किनाऱ्यावरच्या मरिनात आणून सोडते. तिथे मनगटाला रंगीत पट्टी बांधतात. तोच आपला कळप, दिवसभर तो रंग शोधत फिरायचं. चहा-कॉफी, बिस्किटं आणि शेजारी एका ताटलीत बोट लागू नये म्हणून गोळ्या ठेवलेल्या असतात. ज्यांना बोट लागते त्यांनी ही गोळी तिथेच, निघण्याआधी अर्धा-पाऊण तास घ्यायची. पोटात ढवळायला लागल्यावर घेतलेल्या गोळीचा उपयोग समुद्रातल्या माशांनाच होतो. आमच्या बोटीत पुण्याचं एक जोडपं होतं. "आम्हाला घाट लागत नाही, बोट काय लागणार," म्हणून त्यांनी गोळ्या नाकारल्या. पुढचं मी लिहीत नाही.

चपला-बूट एका टोपलीत गोळा होतात, सगळे अनवाणी. आमचा गाइड उत्साही होता. भारतीय दिसले की तो "नमस्ते" आणि "केम छो" एका दमात म्हणायचा. आम्ही केम छोवाले नाही हे नवऱ्याने त्याला दोनदा समजावलं, मग सोडून दिलं. पण त्याचं भाषण कामाचं होतं. गरोदर बायकांना बोटीवर घेत नाही, पाठीचा त्रास असणाऱ्यांनी मागे बसा, बोट चालू असताना उभं राहायचं नाही आणि लाइफ जॅकेट घालून ठेवायचं, मांडीवर नाही. पाठीचं वाक्य त्याच्या तोंडून ऐकल्यावर आई मुकाट्याने मागे बसल्या. मी तेच सांगत होते तेव्हा मी सून होते.

ओहोटी होती, त्यामुळे सुरुवातीला बोट रांगत निघाली. फुकेतची ही बाजू उथळ आहे. खोल पाणी लागलं तशी मागची तीन इंजिनं एकदम बोलायला लागली आणि पुढच्या गाद्यांवरून किंचाळ्या ऐकू आल्या. साधारण पंचेचाळीस किलोमीटरचं अंतर, तासाभराची धाव. मागे बसून मला दिसत होता तो चालवणारा. गडी लाटेला तिरका भिडायचा, दुसऱ्या बोटीने उठवलेली लाट समोर आली की हात आखडता घ्यायचा आणि ओलांडली की पुन्हा सोडायचा. त्याचं स्वतःचं बसणं बघण्यासारखं होतं. मोठी लाट आली की तो सीटवरून जरासा उठायचा, गुडघे वाकवून. दणका मांड्यांनी झेलायचा, कण्याने नाही. मी हे पेशंटना शिकवते तेव्हा त्याला अर्धी बैठक म्हणते. मी आईंना खुणेने दाखवलं. त्यांनी नव्या गुडघ्यासह करून बघितलं आणि जमलं. मग दर लाटेला त्या बैठक मारू लागल्या, व्यायामशाळेत आल्यासारख्या.

फी फी हा बेटांचा पुंजका आहे. त्यात मोठी दोन: फी फी डॉन, जिथे वस्ती आहे आणि फी फी ले, जिथे नाही. लांबून दिसतात ते चुनखडीचे उभे कडे, पाण्यातून सरळ वर उठलेले, माथ्यावर झाडी. जवळ गेलं की कळतं, पाण्याच्या पातळीला कडा आत खोदला गेलाय आणि वरचा भाग छज्जासारखा बाहेर आलाय. चुनखडी पाण्यात विरघळते, त्यात लाटांचा मारा. आतून पोखरलेल्या गुहाही याच कारणाने.

पहिला थांबा माया बे, फी फी लेवरचा. मला या सगळ्या सहलीतलं बोलायचंय ते याच जागेबद्दल.

दोन-अडीचशे मीटर लांबीचा पांढऱ्या वाळूचा किनारा आणि तीन बाजूंनी कडे. १९९९ मध्ये इथे एका हॉलिवूडपटाचं चित्रीकरण झालं आणि जग लोटलं. बंद होण्याआधीच्या काळात दिवसाला पाच हजारांच्या घरात माणसं आणि दोनशेच्या आसपास बोटी. बोटी थेट वाळूवर लागायच्या. नांगर पोवळ्यांवर पडायचे, पंखे गाळ उडवायचे, सनस्क्रीन चोपडलेली माणसं पोवळ्यांवर उभी राहायची. बहुतेक प्रवाळ गेलं. जून २०१८ मध्ये थायलंडने ही जागा बंद केली. आधी चारच महिन्यांसाठी, पण तेवढ्याने काही होणार नाही हे लक्षात आल्यावर बेमुदत. उघडली ती थेट १ जानेवारी २०२२ला.

माझ्याकडे खांदा धरलेला माणूस येतो, मी त्याला सहा आठवडे वजन उचलू नका म्हणते आणि तो दुसऱ्या आठवड्यात विचारतो, आता जिम सुरू करू का? पर्यटनावर जगणाऱ्या देशाने आपली एवढी कमावती जागा साडेतीन वर्षं बंद ठेवली, हे मला त्यामुळेच फार मोठं वाटतं. आणि उघडल्यावरही सगळा भार एकदम टाकला नाही. आता बोटींना समोरून आत यायला बंदी आहे. त्या बेटाच्या पाठीमागे, लो समाह नावाच्या खाडीत, तरंगत्या धक्क्याला लागतात. तिथून लाकडी पायवाटेने झाडीतून चालत पलीकडे जायचं. एका वेळी किती माणसं आत असावीत याची मर्यादा आहे, वेळ ठरलेली आहे आणि दर वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पुन्हा पूर्ण बंद.

आणि पोहायला बंदी. गुडघाभर पाण्यापर्यंत जा, पुढे नाही. पुढे गेलात की रक्षकाची शिट्टी.

यावर आमच्या बोटीत बरीच कुरकुर झाली. एवढे पैसे भरले, राष्ट्रीय उद्यानाची फी वेगळी (परदेशी माणसाला ४०० बाट) आणि पाण्यात उतरायचं नाही? मला उलट वाटलं. समुद्रात पोहायला जागा काय कमी आहेत? इथे काठावर उभं राहून लेकीला पाण्यात करड्या सावल्या दिसल्या, हातभर लांबीच्या, पंखाच्या टोकाला काळा ठिपका. ब्लॅकटिप शार्कची पिल्लं. माणसं हटल्यावर हे शार्क इथे परत आले, उथळ पाण्यात त्यांची पिल्लं वाढतात. सहसा माणसाच्या वाट्याला जात नाहीत. पाण्यात पन्नास माणसं डुंबत असती तर ती कुठली दिसायला? आईंनी साडी पोटरीपर्यंत खोचली होती. त्यांनी खाली बघितलं, लेकीला विचारलं, "चावतात का?" आणि उत्तराची वाट न बघता वाळूवर आल्या.

सनस्क्रीनबद्दल, कारण यावरून गडबड होते. प्रवाळाला अपायकारक ठरलेली चार रसायनं असलेली सनस्क्रीन थायलंडच्या राष्ट्रीय उद्यानांत २०२१ पासून चालत नाहीत. त्यांतली नेहमी सापडणारी म्हणजे ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट. दंड एक लाख बाटपर्यंत. घरूनच बाटलीवरचं वाचून घ्या, किंवा सरळ लांब बाह्यांचा पोहायचा शर्ट घाला. नवऱ्याने दोन्ही केलं नाही, संध्याकाळी तो उताणा झोपू शकत नव्हता.

पुढचा थांबा पिले लगून. चारी बाजूंनी कडे, आत जायला एक अरुंद तोंड आणि पाणी असं हिरवट निळं की फोटोत खोटं वाटतं. तोंडाशी पाणी उथळ आहे, ओहोटीच्या तळाला मोठी बोट आत नेणं अवघड. गाइड मनगटावरचं घड्याळ आणि कड्यावरची ओली रेघ आळीपाळीने बघत होता. आतापर्यंत भरती बरीच चढली होती, आम्ही सावकाश आत शिरलो. सगळे जण पाण्यात उड्या मारत होते आणि पुढच्या गाद्या रिकाम्या झाल्या होत्या. बोट उभी होती, लाट नव्हती, तेव्हा मीच आईंना पुढे नेऊन बसवलं. लेकीने फोटो काढला: गॉगल, लाइफ जॅकेट, नऊवारीला शोभेल असा रुबाब. तो आता त्यांचा व्हॉट्सॅपचा डीपी आहे. त्या तासभर तिथेच बसून आल्या असा सगळ्या नातेवाइकांचा समज आहे आणि आईंनी तो दूर केलेला नाही.

व्हायकिंग केव्ह बोटीतूनच बघायची, आत सोडत नाहीत. भिंतीवर जुनी जहाजांची चित्रं आहेत म्हणून हे नाव. मला बघण्यासारखे वाटले ते गुहेतले बांबू. पाकोळीच्या जातीचे पक्षी आपल्या लाळेची घरटी छताला चिकटवतात, त्या घरट्यांचं सूप महागडं आणि ती काढायला माणसं या वेलींनी बांधलेल्या बांबूंवरून वर चढतात. दोऱ्या नाहीत, हेल्मेट नाही. त्यांचे खांदे कसे असतील, असं मी म्हणाले तर लेक म्हणाली, आई, सुट्टीवर आहेस.

मंकी बीचवर माकडं आहेत. झालं.

जेवायला फी फी डॉनच्या टोनसाई खाडीत. बुफे. शाकाहाऱ्यांना भात, तळलेले रोल, परतलेल्या भाज्या आणि हवा तेवढा अननस. जेवण झाल्यावर पाचेक मिनिटं सरळ चालत गेलात की तुम्ही बेटाच्या दुसऱ्या बाजूला, लो डालम खाडीवर असता. दोन डोंगर आणि त्यांना जोडणारी वाळूची सखल पट्टी, असा हा बेटाचा आकार आहे. सगळं गाव त्या पट्टीवर. २६ डिसेंबर २००४ला त्सुनामी दोन्ही खाड्यांतून आली आणि पाणी मधोमध भिडलं. गल्ल्यांमध्ये उंचावर पळायची दिशा दाखवणाऱ्या पाट्या आहेत, टीशर्टच्या दुकानांच्या मध्ये. गाइडचं केम छो इथे बंद होतं. त्याने डोंगराकडे हात दाखवून एवढंच सांगितलं की तिकडे चढलेले वाचले. मग तो आम्हाला मोजायला लागला.

दुपारी स्नॉर्कलिंग, बांबू बेटाजवळ. आईंनी बोटीच्या शिडीला धरून मास्क लावून फक्त तोंड पाण्यात घातलं, पट्ट्यापट्ट्यांचे मासे बघितले आणि वर येऊन अर्धा तास त्यांचं वर्णन केलं. परतताना वारा वाढला होता. दुपारनंतर तसा वाढतोच. सकाळचे पुढचे वीर आता मागे जागा मागत होते. आई हलल्या नाहीत.

जायचं असेल तर नोव्हेंबर ते एप्रिल. मे ते ऑक्टोबर नैर्ऋत्य मोसमी वारे असतात, समुद्र खवळलेला असतो. हाडांची घनता कमी निघाली असेल, कंबरेचं ऑपरेशन झालं असेल, तर स्पीडबोट नको. फुकेतच्या रसादा धक्क्यावरून मोठी फेरी बोट जाते, दोनेक तास लागतात, पण चहा सांडत नाही.

हेच मी आईंच्या भिशीतल्या मैत्रिणींना सांगितलं. डीपी बघितल्यापासून त्यांच्या डोक्यात फी फीच आहे. "अगं, फेरीत बसायला एवढ्या लांब कशाला जायचं?" असं उत्तर आलं. डिसेंबरचं बुकिंग झालंय, स्पीडबोटीचंच. मी सगळ्यांना आधी हाडांची तपासणी करून यायला लावलं आणि आता दर मंगळवारी संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये त्या भिंतीला पाठ लावून अर्ध्या बैठका मारतात. मोजणी आई करतात.